वेळेआधी वाजलेला कर्णा

ज्या रविवारी पास्टरने स्टेजवरून स्वतःच्या मुलीच्या लग्नाची तारीख सांगितली, त्याच रविवारी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

तारीख आठ महिन्यांनंतरची होती. हॉल बुक झालाय म्हणाला. फुलं कुठल्या रंगाची तेही ठरलंय म्हणाला. मंडळीने टाळ्या वाजवल्या. मी मागे मशीनवर बसलो होतो आणि माझ्या हेडफोनमध्ये त्या टाळ्या पत्र्यावर खडे पडावेत तशा वाजत होत्या.

नऊ वर्षं हाच माणूस आम्हाला सांगत होता, दोन महिन्यांपलीकडचं काही ठरवू नका. प्रभू दाराशी उभा आहे, कर्णा वाजला की जे तयार असतील त्यांना तो वर घेऊन जाईल. वर्षभराचं धान्य भरू नका, घराला रंग देऊ नका, पोरांच्या शिक्षणाचे बेत करू नका. पोस्टमन काकांनी गुडघ्याचं ऑपरेशन चार वेळा पुढे ढकललं, कारण वर गेल्यावर नवीन शरीर मिळणारच आहे, मग जुन्याला ठिगळ कशाला. काका रिटायर होऊन सहा वर्षं झाली. अजून जिना चढताना प्रत्येक पायरीला प्रभूचं नाव घेतात. भक्तीने नाही, गुडघ्याने.

आणि माझ्या ताईने लग्न केलं नाही.

तर आधी ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचं चर्च म्हणजे टायरच्या गोदामावरचा एक लांबलचक हॉल. साठ प्लास्टिकच्या खुर्च्या, एक स्टेज, कोपऱ्यात एक छोटी रेकॉर्डिंगची खोली. तिच्या भिंतींना मी स्वतः गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेत, बाहेर बाँब फुटला तरी आत कळणार नाही. आवाजाचं सगळं काम माझं. कुणी शिकवलं नाही. जुने अँप्लिफायर उघडून, शॉक खाऊन शिकलो. मला सगळे बारक्या म्हणतात, आता सव्वीस वर्षांचा झालो तरी.

हॉलमध्ये घड्याळ नाही. पास्टरने पहिल्याच वर्षी उतरवलं. तो दिवस आणि ती घटका कुणाला माहीत नाही, मग भिंतीवर घटका कशाला, असं त्याचं म्हणणं. मनगटावर घड्याळ घालून यायचं नाही, उपासनेत फोनकडे बघायचं नाही. लोकांना ते फार आवडलं. उपासना किती लांबली हे कुणालाच कळायचं नाही, हा त्यातला फायदा मला नंतर समजला.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी असायचा तयारीचा रविवार. बरोबर बारा वाजता मी कर्णा वाजवायचो. कर्णा म्हणजे रेकॉर्डिंग. कीबोर्डवरून चार आवाज एकावर एक चढवून मीच केलेलं. कर्णा वाजला की सगळ्यांनी उठायचं. या जगाचं जे जे अंगावर आहे ते खुर्चीवर ठेवायचं: चपला, फोन, पर्स, चष्मा. चष्मासुद्धा, कारण वर सगळ्यांना नीट दिसणार. एक म्हातारी बाई दातांची कवळी रुमालात बांधून ठेवायची. मग जिन्यातल्या खुंट्यांवरचे पांढरे झगे घालायचे आणि गच्चीवर जायचं. मागे वळून बघायचं नाही. आपला माणूस राहिला तरी हाक मारायची नाही.

शेवटी जी व्यक्ती जाईल तिने गच्चीच्या दाराला गच्चीकडून कडी लावायची. शास्त्रातल्या दहा कुमारींच्या गोष्टीत आहे ना, पाच जणी तेल आणायला गेल्या आणि दार बंद झालं, त्यावरून. उशिरा आलेला बाहेर ठोठावत राहतो. आतून उघडायचं नाही. उलट सांगायचं, आम्ही तुम्हाला ओळखत नाही. हा पास्टरचा नियम. तो म्हणायचा, शेवटच्या दिवसांतला तो फसवणारा, ख्रिस्तविरोधी, कुणाचाही आवाज काढू शकतो. तुमच्या आईचा काढेल, मुलाचा काढेल, माझासुद्धा काढेल. फसू नका.

झगे ताईने शिवलेले. सगळेच्या सगळे, फुकट. ती शिवणकाम करते, म्हणून कुणाचा झगा वर अडकला, कुणाचा गळ्यात गुंतला हे बघत ती सगळ्यात शेवटी चढायची. म्हणजे कडी कायम तिच्या हातात.

ताईचं लग्न ठरलं होतं चष्मेवाल्याशी. बाजारात त्याचं छोटं दुकान होतं, काचा घासून बसवायचा. तोंडाचा फटकळ. एकदा शास्त्राभ्यासाला त्याने सरळ विचारलं होतं, पास्टर, प्रभू लवकर येणार तर तुम्ही गाडीचा विमा पाच वर्षांचा का काढलात? सगळे हसले. पास्टरही हसला. पण मी मशीनवर बसतो, मला चेहरे समोरून दिसतात. तो हसताना त्याचे डोळे कुणाला तरी मोजत होते.

चार वर्षांपूर्वीचा एक पहिला रविवार. चष्मेवाल्याला एका गिऱ्हाइकाचं काम होतं, तो ताईला सांगून गेला होता की साडेअकरापर्यंत येतो, बाराच्या कर्ण्याला तुझ्याबरोबर वर येईन. ताईने ते पास्टरबाईंना, म्हणजे पास्टरच्या बायकोला सांगितलं. बाईंनी पास्टरला सांगितलं असणार.

उपासना चालू होती. पास्टरने स्टेजवरून माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं उचलली. कर्ण्याची खूण. माझ्यासमोर लॅपटॉप होता. त्या अख्ख्या हॉलमध्ये वेळ फक्त मला दिसायची. अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती.

मी बटण दाबलं.

मला वाटलं, असेल काही कारण. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही. त्याच महिन्यात त्याने मला नवीन मिक्सर आणून दिला होता, मी हवेत होतो. तो उडी मार म्हणाला असता तर मी किती उंचावरून एवढंच विचारलं असतं.

सगळे वर गेले. ताईने कडी लावली. पंधरा-वीस मिनिटांनी दार वाजलं. चष्मेवाला. आधी हळू, मग जोरात. तो म्हणाला, अगं मी आहे, उघड. मग म्हणाला, अगं अजून बारा वाजले नाहीत. पास्टर ताईच्या शेजारी उभा राहून सगळ्यांना सांगत होता, ऐका, फसवणारा नेहमी हेच म्हणतो, अजून वेळ आहे, अजून वेळ आहे. ताईचा हात कडीवर होता. तिने उघडलं नाही. आणि तिच्याच तोंडून पास्टरने ते वाक्य म्हणवून घेतलं. आम्ही तुम्हाला ओळखत नाही.

त्या दिवशी पास्टरने प्रार्थना इतकी लांबवली की खाली येऊन लोकांनी फोन हातात घेतले तेव्हा पाऊण वाजला होता. सगळं जुळत होतं. चष्मेवाला उशिरा आला, वर खोटं बोलला. पास्टरने ताईला समजावलं की जो तयार नाही त्याच्याशी जू जोडू नये. आणि असंही, दिवस किती राहिलेत? अशा दिवसांत ज्यांच्या पोटात लेकरू असेल त्यांचे काय हाल होतील हे शास्त्रातच आहे. चष्मेवाला दोनदा घरी आला. एकच सांगत होता, मी वेळेत आलो होतो. ताई म्हणाली, निदान खोटं तरी बोलू नकोस. तो दुकान विकून दुसऱ्या शहरात गेला. आता त्याला दोन मुली आहेत.

मी बोललो नाही. आधी भीती वाटली, मग लाज, मग सवय झाली. चार वर्षं मी ताईच्या हातचं जेवतोय आणि चार वर्षं तो आकडा माझ्या घशात अडकलाय.

आणि आता लग्नाची तारीख जाहीर झाल्यावर पास्टरबाई मापाची टेप घेऊन आमच्या घरी आल्या. नवरीचा पोशाख तूच शिव म्हणाल्या, तुझ्या हाताची सर कुणाला नाही. ताई हो म्हणाली. त्या गेल्यावर मी तिला म्हणालो, तुला काही वाटत नाही? ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, पोरीने काय पाप केलंय?

मला ताईसारखं होता येत नाही. मला हवं होतं की पास्टरने स्वतःच्या तोंडाने, ताईसमोर, सांगावं की चष्मेवाला वेळेत आला होता. मी सांगितलं असतं तर ती विचारणार, तू इतकी वर्षं गप्प का? त्याने सांगितलं तर ते त्याच्या गळ्यात. सरळ आहे. मी काही संत नाही.

दर बुधवारी उपवासाची प्रार्थना असते. चाळीसेक माणसं येतात. मध्ये अर्धा तास सगळे डोळे मिटून मनात प्रार्थना करतात, आणि तेवढ्यात पास्टर त्या अंड्यांच्या ट्रेच्या खोलीत जाऊन मोबाईलवर टाकायचा संदेश रेकॉर्ड करतो. कॉलरला बिनवायरचा माईक मीच लावतो. त्या बुधवारीही लावला. त्याने विचारलं, आवाज बरा येतोय ना बारक्या? मी म्हणालो, एकदम. त्याच्यामागे दार घट्ट लावलं, जागेवर येऊन बसलो आणि कर्णा वाजवला.

ना पहिला रविवार, ना बारा वाजलेले, ना कुणी सांगितलेलं.

मी एवढा विचार केला नव्हता. मला वाटलं होतं लोक नेहमीसारखे उठतील, जांभया देत. पण चाळीस माणसांनी डोळे उघडले आणि हॉलमधली हवाच बदलली. कुणी म्हणालं नाही की आज कसं काय. एक बाई तोंडावर हात ठेवून रडायला लागली, पण आनंदाने. पोस्टमन काका ताडकन उठले, त्या गुडघ्यांवर. फोन, चष्मे, चपला खुर्च्यांवर पडल्या. एकाने तर लग्नातली अंगठी ओढून काढली, बोट सोललं तरी. पास्टरबाई आणि त्यांची मुलगी हातात हात घालून जिन्याकडे पळाल्या. पास्टर कुठे आहे हे कुणीच बघितलं नाही. बघायचं नसतंच ना.

ताई शेवटी. जाताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. जणू कुणीतरी तिच्या डोक्यावरून पाण्याचा हंडा उतरवून घेतला होता. मग ती गेली. वर कडी लागल्याचा आवाज आला.

मी अँप्लिफायरच्या रॅकमागे बसलो आणि हेडफोन कानावर घट्ट दाबले.

पास्टरचा संदेश संपला. माझ्या कानात त्याने घसा साफ केला, दार उघडलं, आणि थांबला.

"अरे?" म्हणाला.

मग माझं नाव घेतलं. मग बायकोचं. मग पावलं ऐकू आली, खुर्च्यांच्या रांगांमधून, हळू. मी फटीतून बघत होतो. त्याने कुणाचा तरी चष्मा उचलला आणि परत जपून ठेवला. रुमालातली कवळी पाहिली. जिन्याच्या तोंडाशी जाऊन रिकाम्या खुंट्या पाहिल्या. मग खिशातून फोन काढून बायकोला लावला, आणि तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर तिचा फोन थरथरायला लागला. तो बघत राहिला. फोन थरथरत सरकत सरकत खुर्चीच्या कडेला आला आणि खाली पडला.

पास्टर जमिनीवर बसला. पाचावर धारण बसणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आणि मला जे बरं वाटलं ते मी लपवणार नाही. त्याचा श्वास माझ्या दोन्ही कानांत होता, आणि प्रत्येक श्वासाला मी मनात म्हणत होतो, घे. घे अजून.

मला वाटलं होतं तो भोंदू आहे, दोन मिनिटांत ओळखेल. पण नाही. नऊ वर्षं लोकांना जे पाजलं त्यातले चार घोट त्याच्याही पोटात गेले होते.

"मला वाटलंच होतं," तो पुटपुटला. "मला नाही नेणार. वाटलंच होतं मला."

गच्चीवर एक जुना पत्र्याचा भोंगा आहे, वर गाणी म्हणायला लावलेला. त्याचा आवाज कमीजास्त करायची पट्टी माझ्या मिक्सरवर आहे. मी हात लांब करून ती पट्टी वर सरकवली.

त्यानंतर तो म्हणाला, "पोरगी गेली. मी राहिलो, पण पोरगी तरी गेली, बरं झालं." आणि रडायला लागला. तेवढ्यापुरती माझी मजा थोडी किरकिरी झाली, खोटं कशाला बोलू. पण पट्टी मी खाली घेतली नाही.

त्याचं रडणं वर भोंग्यातून निघत होतं आणि छतातून झिरपत त्याच्याच कानावर परत येत होतं, एका क्षणाने उशिरा. त्याने हुंदका दिला की वरून हुंदका. तो थांबला. खोकला. वरून खोकला आला. त्याने मान वर केली, मग सावकाश माझ्या रॅककडे वळवली.

मी उभा राहिलो. लपून काय करणार.

तो जवळ येईपर्यंत त्याचा रंग परत आला होता. मला म्हणाला, खाल्ल्या घरचे वासे मोजतोस, मी तुला रस्त्यावरून उचललं, मिक्सर दिला. बरंच बोलला. आणि ते सगळं वरती ऐकू जात होतं. शेवटी म्हणाला, त्यांना खाली बोलव.

"कर्णा वाजल्यावर हाक मारायची नसते," मी म्हणालो. "तुमचाच नियम आहे."

तो जिन्याकडे धावला. मी मागोमाग. त्याने दारावर थाप मारली. मी तीन पायऱ्या खाली थांबलो, भिंतीला टेकून. असा तमाशा पुन्हा बघायला मिळणार नव्हता.

तो म्हणाला, मी आहे, उघडा. आतून त्याचाच आवाज भोंग्यातून आला, मी आहे, उघडा. मग दारामागून पोस्टमन काकांचा आवाज, थोडा कापरा पण खणखणीत.

"आम्ही तुम्हाला ओळखत नाही."

पास्टरने कपाळ दाराला टेकवलं. मग सुरू झाला. काका, वेडेपणा करू नका. ती मशीन आहे, बारक्याने लावलीय. आत कुणीतरी गाणं म्हणायला घेतलं, हळू आवाजात, कान झाकायला म्हणतात तसं. तो ओरडला की आज कुणी येत नाहीये. काका म्हणाले, शेवटच्या दिवसांत थट्टा करणारे उठतील आणि विचारतील येतोय कुठे, हे तुझ्यासारख्यांबद्दलच लिहून ठेवलंय. आणि आमचे पास्टर राहून गेले हे आम्ही आमच्या कानांनी ऐकलंय, त्यांनी स्वतः कबूल केलंय. बिचारे. तू कोण आहेस ते आम्हाला माहीत आहे.

पास्टर जितका खरं बोलेल तितका सैतान ठरत होता. आणि हा धडा त्यानेच शिकवलेला, नऊ वर्षं, पाठ होईपर्यंत. मला हसू आवरेना. मी बाहीत तोंड खुपसलं.

दार वाजवून वाजवून त्याचा हात लाल झाला. शेवटी तो म्हणाला, आणि हे त्याने ओरडून नाही, दमून म्हटलं:

"अहो, यायचा असता तर मी आठ महिन्यांनंतरचा हॉल कशाला बुक केला असता?"

गाणं थांबलं.

भोंग्याची घरघर ऐकू यायला लागली. आत एक मुलगी "पप्पा?" म्हणाली. मग माझ्या ताईचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून. कडीपाशी तीच उभी असणार.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"तो येत नाहीये ते."

पास्टर म्हणाला, असं नाही पोरी. आधी खरंच वाटायचं. दर रविवारी म्हणत गेलो, तो आला नाही, तरी म्हणत गेलो. सवय झाली.

"सवय झाली," ताई म्हणाली, "हे मला सांगायचं राहिलंच तुमचं."

कडी सरकली. दार उघडलं. ऊन एकदम जिन्यात आलं आणि मागे पांढऱ्या झग्यांतली चाळीस माणसं, अनवाणी, डोळे बारीक करून बघणारी, कारण चष्मे खाली होते. ताई पास्टरच्या बाजूने खाली उतरली. त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याजवळ थांबली.

"तूच वाजवलास ना?"

मी हो म्हणालो.

ती म्हणाली, "दहा मिनिटं बारक्या. चार वर्षांत पहिल्यांदा दहा मिनिटं मला वाटलं, मी त्याला उघडलं नाही ते बरोबर केलं."

आणि खाली गेली. मी त्या पायरीवर तसाच उभा. मारलं पास्टरला होतं, तो मार त्याच्यातून आरपार जाऊन पलीकडे तिला लागला होता. पण मला थांबायचं नव्हतं. ज्यासाठी हे केलं ते अजून झालंच नव्हतं. त्याने हॉलचं कबूल केलं, सवयीचं कबूल केलं. चष्मेवाल्याचं अजून त्याच्या तोंडातच होतं.

सगळे खाली आले. कुणाची चप्पल कुणाला सापडेना. ज्याने अंगठी काढली होती तो रांगांमध्ये रांगत ती शोधत होता. म्हातारीने भिंतीकडे तोंड करून कवळी बसवली. पास्टरबाई जमिनीवरून फोन उचलून त्याची फुटलेली काच बोटाने चाचपत होत्या. काका मात्र खुर्चीत बसले होते, झगा न काढता. मी मशीनवर जाऊन बसलो.

पास्टर सगळ्यात शेवटी आला. त्याला बहुतेक सरळ घरी जायचं होतं. पण ताई पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसली होती, आणि तिने त्याला स्टेजकडे बोट दाखवलं. शाळेत बाई पोराला फळ्याकडे पाठवतात तसं.

ती म्हणाली, आता सगळं सांगा. मी एवढी वर्षं तुमचं बसून ऐकलं, आजही बसलेय. पहिल्यापासून सांगा. त्या रविवारचंही सांगा, ज्या दिवशी मी त्याला बाहेर ठेवलं. आणि मान न वळवता मला म्हणाली की माईक चालू ठेव.

मला हेच तर हवं होतं.

पास्टर उभा राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मुलगी खाली बघत होती. मला वाटलं नव्हतं तो बोलेल, पण जिन्यात एकदा खरं बोलल्यावर त्याच्या तोंडाला बहुतेक बांध राहिला नव्हता. तो म्हणाला, तो चष्मेवाला मला आवडत नव्हता. चारचौघांत प्रश्न विचारायचा, आणि लोक हसायचे. लग्न झालं असतं तर ती गेली असती, झगे गेले असते, तिच्यामागे आणखी चार घरं गेली असती. तो साडेअकराला येणार हे मला कळलं होतं.

"कर्णा बाराला वाजायचा होता," पास्टर म्हणाला. "मी आधीच खूण केली."

हॉलमध्ये कुणीतरी श्वास आत ओढला. बहुतेक काका.

"म्हणजे तो वेळेत आला होता," ताई म्हणाली.

"वेळेच्या आधी आला होता."

तिने डोळे मिटले. झालं. मिळालं मला. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य त्या माणसाच्या तोंडून, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर. मी इतका खूश होतो की पास्टर आता स्टेजवरून माझ्याकडे बघतोय हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

तो बघत होता आणि त्याचे डोळे पुन्हा मोजत होते. सूड काय मला एकट्यालाच येतो का.

"पण खूण मी केली होती," तो म्हणाला. "वेळ मला दिसत नव्हती. हॉलमध्ये घड्याळ नाही."

माझं बोट त्याच्या माईकच्या पट्टीवर होतं. दोन इंच खाली ओढली असती की त्याचा आवाज गेला असता. मशीन आहे, कधीही बिघडते, कुणी विचारलं नसतं. पुढचं वाक्य तो माझ्यासाठी जुळवत होता, मला त्याच्या ओठांवर दिसत होतं. मी बोट हलवलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही. त्याचा आवाज बंद केला असता तर आधीचं सगळंही लोकांनी उद्या अर्धवट ऐकलं म्हटलं असतं, आणि तेवढी सूट मला त्याला द्यायची नव्हती.

"वेळ एकालाच दिसत होती," पास्टर म्हणाला.

ताई खुर्चीतून मागे वळली. रागाने नाही. एखाद्याने हाक मारल्यावर वळावं तशी.

"किती वाजले होते?" तिने मला विचारलं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"अकरा वाजून सहा मिनिटं," मी म्हणालो.